मागल्या दारचा वाटा

आमच्या लहानपणी मटण दोन दारांनी घरात यायचं. पुढच्या दाराने यायचं ते बाजारातलं, रविवारचं. मागल्या दाराने यायचं ते सागाच्या पानात. रात्री दहा-अकराच्या सुमाराला पडवीमागे कुणीतरी खाकरायचं, आजी कंदील न घेताच उठायची, आणि परत यायची तेव्हा तिच्या हातात पानांची पुडी असायची. कुणी दिलं, कुणाच्या बंदुकीचं, कुठल्या सड्यावर पडलं, यातलं काही विचारायचं नाही, हे आम्हा पोरांना कुणी न शिकवताच ठाऊक होतं. शाळेत तर अवाक्षर काढायचं नाही. सकाळी चुलीवर मोठं पातेलं चढलेलं दिसलं की समजायचं, काल रानडुकराचा वाटा आला.

ते पातेलं दुपारपर्यंत उतरत नसे. वास घरभर सुटायचा, आम्ही चार-चार वेळा चुलीपाशी जाऊन यायचो, पण आजी पळी आपटायची. "अजून शिजाक होया. हाडाक सोडून मास येवंक होया, मगे बघूया." एकदा माझ्या धाकट्या काकाने तिचा डोळा चुकवून एक तुकडा उचलला, तर तिने त्याच्या हातातून तो काढून परत पातेल्यात टाकला. काका तेव्हा कॉलेजात होता. मला तेव्हा वाटायचं, चिवट मांस म्हणून इतका वेळ लागतो. आजी शाळेत गेलेली नव्हती, पण तिला तिच्या सासूने जे सांगितलं होतं ते ती पाळत होती, आणि त्या सांगण्याच्या मुळाशी काय होतं ते मला कळायला पशुवैद्यक शिकावं लागलं.

आता मी कोकणातच जनावरांची डॉक्टर आहे. बहुतेक दिवस गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री यांत जातात. मधूनच वनखात्याचा फोन येतो. रस्त्यावर गाडीखाली आलेलं, विहिरीत पडलेलं, फासकीत अडकून मेलेलं जनावर असतं, आणि शवविच्छेदन करून द्यायचं असतं. असाच एकदा कार्तिकात सकाळी गेले. डांबरी रस्त्याच्या कडेला नर डुक्कर पडला होता, चांगला सत्तर-ऐंशी किलोचा. रात्री ट्रकने उडवला असावा. भोवती आठ-दहा माणसं आणि त्यांच्या पायांत घुटमळणारी पाच-सहा कुत्री.

छाती उघडली आणि फुप्फुसाचा मागचा, टोकाकडचा भाग हातात घेतला. तो इतर भागापेक्षा घट्ट आणि फिकट लागला. कात्रीने श्वासनलिकेची एक फांदी शेवटपर्यंत चिरत नेली, तर आत पांढरे दोरे. शिवणकामाचा दोरा गुंता होऊन पडावा तसे. चिमट्याने एक ओढला, तो चार-पाच सेंटिमीटर निघाला. हे फुप्फुसातले कृमी. त्यांची अंडी डुकराच्या विष्ठेतून जमिनीत जातात, तिथे गांडूळ ती गिळतं, आणि गांडुळासाठी जमीन उकरणारं डुक्कर ते गांडूळ खातं. भाताच्या खाचरात एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखी माती उलटलेली आपण पाहतो ना, तिथेच हा फेरा पूर्ण होतो. माणसाला हे कृमी सहसा काही करत नाहीत.

मग काळीज. त्यावर दुधी, पसरट डाग होते. जंताच्या अळ्या यकृतातून वाट काढत गेल्या की मागे असे व्रण राहतात. आणि एका कडेला लिंबाएवढी गाठ, पांढरट सालीची, बोटाने दाबली तर आत पाणी हलल्यासारखी. ती मी न फोडता बाजूला काढली. तेवढ्यात मागे पायांची धावपळ झाली. फुप्फुसाचा कापलेला तुकडा एका कुत्र्याने ओढायला घेतला होता. मी ओरडले, वनरक्षकाने काठी उगारली, तुकडा सुटला. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्याला माझं ओरडणं पटलं नाही. "मॅडम, कुत्र्याचो वाटो असताच," तो म्हणाला. त्याने काही गैर म्हटलं नव्हतं. पारधीला गेलेल्या कुत्र्यांना आतडी आणि फुप्फुस देणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. जनावर उठवतात ती, सुळे खातात ती, मग त्यांचा हक्क नको? मला त्या माणसाला नीट उत्तर द्यायचं होतं. पण पंचनामा चालू होता, ऊन वाढत होतं, आणि मी नुसतंच "नको" म्हटलं. ते उत्तर पुढे देईन.

शेवटी छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, म्हणजे श्वासपटल. त्यातून मी नेहमी एक तुकडा कापून घेते. दवाखान्यात आल्यावर त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, दोन जाड काचांमध्ये घट्ट दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बघत जायचं. शोधायची असते ट्रायकिनेला नावाच्या कृमीची अळी. जेमतेम एक मिलिमीटरची, स्नायूच्या एकाच पेशीत वेटोळं करून बसलेली. त्या पेशीला ती आपल्या सोयीचं घर बनवते, भोवती रक्तवाहिन्यांचं जाळं तयार करवून घेते आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. कुणीतरी ते मांस कच्चं खाण्याची वाट बघत. खाल्लं की जठरातल्या आम्लात घर विरघळतं, अळी आतड्यात जाते, काही दिवसांत मोठी होते, आणि मादी अंडी न घालता थेट जिवंत पिलं सोडते. ती पिलं रक्तातून निघतात आणि नव्या धन्याच्या स्नायूंत जाऊन बसतात. या कृमीला एकदाही मातीत, पाण्यात उतरावं लागत नाही. मांसातून मांसात, एवढीच त्याची वाट.

मला त्या काचांमध्ये ट्रायकिनेला अजून कधी सापडलेली नाही. तरी दर वेळी मी काच सरकवताना जेम्स पॅजेट आठवतो. 1835 साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात तो वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होता, वय 21. विच्छेदनाच्या टेबलावर एका इटालियन माणसाचं शव होतं. त्याच्या स्नायूंत बारीक पांढरे, कडक कण होते आणि त्यांवर घासून सुऱ्या बोथट व्हायच्या. असे कण आधीही लोकांनी पाहिले होते आणि हाडाचे कण म्हणून सोडून दिले होते. या पोराने सोडलं नाही. सूक्ष्मदर्शकासाठी तो ब्रिटिश म्युझियममध्ये रॉबर्ट ब्राउनकडे गेला, ज्याच्या नावाने आपण ब्राउनियन गती शिकतो, आणि कणाच्या आत गुंडाळलेला जंत पाहिला. नाव देण्याचा मान रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञांना गेला, पण पहिली नजर पॅजेटची.

मात्र हा जंत निरुपद्रवी नाही हे कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. 1860 च्या जानेवारीत जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये एक तरुण मोलकरीण तापाने रुग्णालयात आली. अंग इतकं दुखायचं की हातपाय हलवता येईनात. टायफॉइड म्हणून उपचार झाले, ती गेली. फ्रीडरिश झेंकर यांनी शवविच्छेदन केलं. स्नायूंत जिवंत अळ्या, आतड्यात मोठे जंत. मग ते ती कामाला होती त्या घरी गेले. नाताळाच्या आधी तिथे डुक्कर कापलं होतं. उरलेलं हॅम आणि सॉसेज तपासलं, तर त्यात अळ्याच अळ्या. घरातले इतर लोकही आजारी होते, आणि ज्याने डुक्कर कापलं तो खाटीकसुद्धा. पाच वर्षांनी, 1865 मध्ये, हेडर्सलेबेन या जर्मन गावात एका डुकराच्या कच्च्या खिम्यातून 337 माणसं आजारी पडली आणि 101 दगावली. दोनेक हजार वस्तीच्या गावात शंभर मयतं. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी त्यानंतर डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच विकावं म्हणून आग्रह धरला आणि प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात तो कायदा झाला.

झेंकर यांच्या त्या गोष्टीत मला अळ्यांपेक्षाही एक साधी गोष्ट मोठी वाटते. ते त्या घरी गेले आणि विचारलं, काय खाल्लं होतं? आणि त्या घराने सांगितलं.

आमच्या घरी हे सांगितलं गेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझा चुलत भाऊ तापाने पडला. आधी दोन दिवस जुलाब, मग बरं वाटलं, मग दहा-बारा दिवसांनी ताप. मी बघायला गेले तेव्हा दादा ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. डोळ्यांच्या पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते, रात्रभर रडलेल्या माणसासारखे. मांड्या, पोटऱ्या, मान, सगळं ठणकत होतं. भाकरी चावताना जबडा दुखतो म्हणून पेज पीत होता. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात टायफॉइडची औषधं चालू होती. मी रक्ताचा रिपोर्ट मागून घेतला. अंगात जंत शिरले की वाढणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी शंभरात पाच-सहाच्या आत असायला हव्यात, त्या अडतीस होत्या.

मी विचारलं, "दादा, महिन्याभरात रानातलं काही खाल्लंस?"

"नाय."

"माझ्यापाशी तरी सांग."

"नाय म्हटलंय ना."

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीतली लाकडं मागे ओढत होती. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी रात्री मंडळी गेली होती. जागेवरच फाडलं, आणि उजाडण्याआधी निघायचं म्हणून घाईघाईत निखाऱ्यावर भाजून तिथेच खाल्लं. बाहेरून काळं, आतून लाल. "घराक आणलेला मीया नीट शिजवलंय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. दादा दवाखान्यात हे सांगणार नव्हता. सांगितलं तर कागदावर येईल, कागदावर आलं की बंदूक, मंडळींची नावं, केस, सगळं मागून येईल. ताप सोसवत होता, ती भीती सोसवत नव्हती.

मी त्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. अर्धकच्चं मांस खाल्ल्याचा इतिहास आहे, इओसिनोफिल वाढलेले आहेत, ट्रायकिनेलाचा विचार व्हावा. कसलं मांस, ते मीही लिहिलं नाही. त्यांनी औषध बदललं, अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध आणि सूज उतरवणारी औषधं दिली, दादा हळूहळू उठला. पण अळ्या स्नायूत शिरण्याआधी, आतड्यातच असताना हे औषध जितकं लागू पडतं तितकं नंतर पडत नाही. पुढचे पाच-सहा महिने त्याला खाचरात वाकता येत नव्हतं. स्नायूचा तुकडा काढून तपासणी झाली नाही, त्यामुळे नक्की काय होतं हे कधी सिद्ध झालं नाही. उत्तराखंडात डुकराचं अर्धकच्चं मांस खाऊन माणसं या आजाराने पडल्याच्या नोंदी आहेत. आमच्या तालुक्यात तशी नोंद नाही. नोंद नाही म्हणजे आजार नाही, असं मला त्या दिवसापासून म्हणवत नाही.

माझी एक वर्गमैत्रीण जर्मनीत स्थायिक झाली आहे, पशुवैद्यकातच. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिच्याकडे रानडुकरांची शिकार कायदेशीर आहे, दरवर्षी लाखोंनी डुकरं मारली जातात. शिकारी डुक्कर पाडतो, श्वासपटलाचा आणि पुढच्या पायाचा तुकडा पिशवीत घालतो, डुकराला नंबरचा बिल्ला लावतो, सोबत कागद भरतो आणि नमुना तपासणीला देतो. तिथे ते तुकडे वाटून, पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास ढवळतात. पाणी साधारण 46 अंश. म्हणजे काचेच्या भांड्यात एक जठरच तयार करतात. मांस विरघळतं, अळ्या असल्या तर मोकळ्या होऊन तळाशी बसतात. निकाल येईपर्यंत ते मांस कुणी खात नाही, विकत नाही. सापडणारी डुकरं फार थोडी असतात, तरी एकूण एक डुक्कर तपासतात.

आपल्याकडेही शिकार खुली करा, असं मला म्हणायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण आहे, आणि मेलेलं वन्य जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं. जंगलाची आज जी अवस्था आहे ती बघता तो कायदा हवाच. पण ज्याचं निसवलेलं भात एका रात्रीत लोळवलं जातं, ज्याची सुरणं आणि करांदे उकरून नेले जातात, नारळाची लावलेली रोपं मुळासकट उपटली जातात, त्याचा रागही मी जवळून पाहिला आहे. मला खुपतं ते एवढंच की लपवाछपवीत माणसाचं आरोग्य कुणाच्याच खात्यात राहत नाही. रात्री मारायचं, अंधारात फाडायचं, घाईत भाजायचं, आजारी पडलं तर तोंड मिटून घ्यायचं. कृमीला याहून चांगली वाट कोण करून देईल? डॉक्टरांपुढे खरं बोलणाऱ्याला पोलिसांची धास्ती वाटता कामा नये. डॉक्टरांनीही ताप, सुजलेल्या पापण्या आणि दुखणारे स्नायू एकत्र दिसले की "काय खाल्लंत?" हे असं विचारावं, की समोरच्याला उत्तर देता येईल.

आता घरोघर फ्रीज आहेत, आणि मांस आठवडाभर बर्फात ठेवलं की जंत मरतात असं लोक मला ठामपणे सांगतात. पाळीव डुकरातल्या ट्रायकिनेलाला लांबलेली गोठण मारते, पण रानटी जनावरांत अशाही जाती असतात ज्या बर्फाला दाद देत नाहीत. मीठ लावून चुलीवर टांगून सुकवलेलं मांसही भरवशाचं नाही, धुरानेही नाही. मारते ती आच. मांसाच्या गाभ्यापर्यंत 71 अंश गेले पाहिजेत. आमच्या वाडीत गाभ्याचं तापमान मोजणारं काही नाही. हाडाला सोडून मांस येणं, हे आहे.

आता त्या म्हाताऱ्याला द्यायचं राहिलेलं उत्तर. त्या दिवशी काळजाच्या कडेला जी पाण्याची गाठ होती, ती कुत्र्याच्या एका पट्टकृमीची असते. मोठा झालेला हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात, अंगणात पडतात. डुक्कर, शेळी, गाय यांच्या पोटात ती गेली की यकृतात, फुप्फुसात अशा गाठी होतात. ती गाठ माणसाने खाल्ली तर त्याला हा आजार होत नाही. कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या आतड्यात दीडेक महिन्यात शेकड्यांनी, हजारांनी कृमी तयार होतात, आणि त्यांची अंडी त्याच्या केसांना, तोंडाला लागतात. मग त्याला मिठी मारणारं पोर तोच हात तोंडात घालतं. पुढे कित्येक वर्षांनी त्या पोराच्या पोटात गाठ निघते, मोठं ऑपरेशन करावं लागतं. त्या पोराने डुकराचा तुकडा कधी तोंडात घातलेला नसतो. घर शाकाहारीही असू शकतं. मेंदूत जाणाऱ्या डुकराच्या पट्टकृमीचंही असंच आहे. अर्धकच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो, पण मेंदूतल्या गाठी आणि फिट येतात त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाजीतून, न धुतलेल्या हातातून पोटात गेल्यामुळे. मटणाचे वाटे घालणारे वाडीतली घरं मोजून वाटे घालतात. कृमीचा वाटा न मोजता, कुणालाही जातो.

हे मी नंतर त्या म्हाताऱ्याला गाठून सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, काही बोलला नाही.

गेल्या पौषात दवाखाना बंद करून मी कुलूप लावत होते. अंधार पडला होता. गेटबाहेर टेम्पो थांबला, आणि एक तिशीतला माणूस चार कुत्री घेऊन उतरला. एकाच्या खांद्यावर सुळ्याची भरत आलेली जखम होती, शिवलेली, घरच्या दोऱ्याने. मी जखमेबद्दल विचारलं नाही. तो म्हणाला, "आजोबांनी धाडलंय. जंताच्या गोळ्यो देवन येवा म्हणान."

मी कुलूप काढलं. एकेकाला वजनकाट्यावर उभं केलं, वजनाप्रमाणे प्राझिक्वाँटेलच्या गोळ्या मोजल्या, भाकरीच्या तुकड्यात दाबून एकेकाला भरवल्या. दीड-दोन महिन्यांनी परत आण, म्हटलं. आतडी आणि फुप्फुस आता खोल पुरायचं, वर दगड ठेवायचे, किंवा जाळायचं, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. कुत्री टेम्पोत चढवली, फाळका लावला, आणि मग पुन्हा पायरीपर्यंत आला.

"मॅडम, तां शिजवचा किती येळ?"

मी त्याला आजीचं पातेलं सांगितलं.